बाहेर जाणाऱ्या चार लेन

कर्वेनगरमधल्या एका इमारतीत, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आमची कंपनी बंदरांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. खिडकीतून कॉलेजच्या मुलामुलींच्या दुचाक्या दिसतात आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या. नोकरीला लागल्यावर कित्येक महिने मी संगणकाच्या पडद्यावर कंटेनर हलवत होते. खरा कंटेनर जवळून पाहिला तो वारज्यात, हायवेच्या पुलाजवळ बसची वाट बघताना. ट्रेलर सर्व्हिस रोडवर अडकला होता. कंटेनरच्या दारावरचा क्रमांक मी सवयीने वाचला. मग ट्रेलर निघून गेला.

त्याआधी बरीच वर्षं मी एका दैनिकाच्या पुणे आवृत्तीत उपसंपादक होते. कचेरी कसब्याजवळ होती आणि मी तिथेच, चालत जाता येईल अशा अंतरावर, भाड्याने राहत होते. उपसंपादक घटनास्थळी जात नाही. वार्ताहर जातो, उभा राहतो, बघतो आणि कळवतो; उपसंपादक ते टेबलावर तपासतो, कापतो, मथळा देतो. पूर, मोर्चे, आगी, सभा, सगळं मी टेबलावरून पाहिलं. पुढे पुणे आवृत्तीचं टेबलच दुसऱ्या शहरात गेलं. आम्हाला एका दुपारी तसं सांगण्यात आलं. जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने मला या कंपनीत मॅन्युअल लिहिण्याचं काम मिळालं, आणि मॅन्युअल लिहिता लिहिता मी त्यातल्या गोष्टी करायला शिकले. तोवर मी वारज्याला, आईवडिलांच्या घरी राहायला आले होते. आईवडील गेल्यानंतर त्या घरात मी एकटीच राहते. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जाते. तिथली बहुतेक माणसं वडिलांच्या ओळखीची होती. आता त्यांची मुलं येतात, जय भीम करतात आणि थोडं थांबून पुढे जातात.

माझं काम थोडक्यात असं. बंदराच्या आवारात जिथे कंटेनर रचून ठेवतात त्याला यार्ड म्हणतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या यार्डचं एक चित्र असतं, आकाशातून पाहिल्यासारखं. रचण्याच्या जागा, मधले रस्ते, आणि गेटमधून आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या लेन. त्याला आम्ही लेआउट म्हणतो. गेटची माहिती दुसऱ्या ठिकाणी असते: कुठली लेन आत येणारी, कुठली बाहेर जाणारी, कुठल्या लेनवर कुठला कॅमेरा, कुठला दांडा. दांडा म्हणजे टोलनाक्यावर असतो तो, वर उठणारा. लेनची नावं दोन्हीकडे लिहावी लागतात आणि ती एकमेकांशी जुळावी लागतात. न जुळल्यास ट्रेलर गेटमधून आत येतो, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो कुठेच नसतो. नावं जुळली की त्या ओळीपुढे हिरवा ठिपका येतो. सगळे ठिपके हिरवे करणं हे माझं काम.

प्रत्येक बंदरावर सॉफ्टवेअर सुरू होतं त्या दिवशी आमची माणसं तिथे जातात. जाण्याआधी सगळे एकमेकांना सर, मॅडम किंवा नावाने हाक मारतात. परत येतात तेव्हा अरे-तुरे सुरू झालेलं असतं. एकाच गेस्ट हाउसमध्ये राहिलेले असतात, एकाच टेबलावर जेवलेले असतात, एकाच्या घोरण्यावरून दुसऱ्याने खोली बदललेली असते. त्यानंतर दुपारच्या डब्याला त्यांच्यात एक वेगळी भाषा चालते. कोणीतरी नुसतं ‘पाचवी चपाती’ म्हणतं आणि चौघं हसतात. मी टेबलाच्या टोकाला बसते. मला बघून ते आवरतं घेतात, आणि कोणीतरी विचारतं, “मॅडम, तुमच्या पेपरमध्ये अमुक बातमी कशी छापली असती हो?” मी सांगते. ते ऐकून घेतात.

मी एकदाही साइटवर गेले नव्हते. कोकण किनाऱ्यावरच्या एका टर्मिनलचं काम आलं तेव्हा मी मॅनेजरला सांगितलं की या वेळी मला जायचं आहे. मॅनेजर माझ्यापेक्षा बराच लहान आहे, नम्र आहे, आणि नकार देताना आधी हवामानाबद्दल बोलतो.

“मॅडम, तिथं फार दमट आहे. आणि गेस्ट हाउसमध्ये एसी दोनच खोल्यांना.”

“मी एसीबद्दल विचारलं नाही.”

तो हसला. “बरं. लेआउट जुळू दे. जुळला की तुमचं नाव गाडीत टाकतो.”

म्हणून मी लेआउट जुळवायला घेतला.

टर्मिनलकडून यार्डचा नकाशा आला होता. वर समुद्र, खाली रस्ता, मध्ये गेट. आत येणाऱ्या चार लेन, बाहेर जाणाऱ्या चार. नकाशात लेन काढल्या होत्या, पण त्यांना क्रमांक नव्हते. आमच्याकडे अशा वेळी डावीकडून क्रमांक देतात. सगळेच तसे देतात; कागद समोर ठेवला की डोळा डावीकडून सुरू होतो. तसे क्रमांक आधीच दिले गेले होते. मी फक्त तिकडच्या गेट सुपरवायझरकडून खात्री करून घ्यायची होती. त्याच्याशी माझं बोलणं फोनवर सुरू झालं.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “फोन उचललात म्हणजे पुण्यात जाग आहे.”

मी विचारलं, “बाहेर जाणाऱ्या लेन किती?”

“चार. आमचे आजोबा असते तर तुम्हाला दोन वाढवून सांगितल्या असत्या.”

“क्रमांक कुठून सुरू होतात?”

“डावीकडून, ताई. आणखी कुठून होणार?”

मी नकाशा पाहिला. डावीकडून एक, दोन, तीन, चार. तो म्हणत होता तसंच.

गेटवर त्याची बरीच वर्षं गेली होती. त्याला बोलायला आवडायचं आणि मला ऐकायला वेळ होता. लेनच्या रुंदीबद्दल विचारलं तर तो रुंदी सांगायचा आणि मग सांगायचा की आत येणाऱ्या तिसऱ्या लेनमध्ये दुपारी कुत्री झोपतात, कारण छपराची सावली तिथेच पडते. ट्रेलरवाले हॉर्न न वाजवता चाकं कडेने नेतात. दक्षिणेकडचे ड्रायव्हर खिडकीशी येऊन कागद देतात आणि उत्तरेकडचे वरूनच हात बाहेर काढतात. मी सांगितलं की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुत्र्यांसाठी रकाना नाही. तो म्हणाला, “मग कसलं सॉफ्टवेअर.” एकदा त्याने विचारलं, “तुम्ही येताय ना चालू करायला? या. आमच्याकडचं कोकम पाजतो. तुमच्या पुण्यात बाटलीत मिळतं ते नव्हे.”

“ठरलं की कळवते,” मी म्हटलं.

त्या दिवसांत संध्याकाळी वारज्याला उतरल्यावर मी थेट घरी न जाता पुलाच्या कडेने थोडं चालत असे. घरी जाऊन कुणाला काही सांगायचं नसतं, तेव्हा चालण्याने फरक पडत नाही, पण मी चालत असे. एकदा एका दुकानात कापडी टोपी पाहिली, उन्हात वापरायची. घेतली.

लेआउट वेळेआधी जुळला. सगळे ठिपके हिरवे झाले. मी मॅनेजरकडे गेले. त्याने पडदा पाहिला, कौतुक केलं, आणि पुन्हा हवामानापासून सुरुवात केली. मी मध्येच विचारलं, “गाडीत माझं नाव टाकलंत का?”

“तेच सांगतो, मॅडम. समजा तिथं काही अडकलं. लेआउट तुमच्याइतका कोणाला माहिती आहे? सगळेच तिकडे गेलो तर इथून बघणार कोण? मोठा पडदा, चांगलं नेट, शांतता. तुम्ही इथं असलात की आम्ही निर्धास्त.” आणि वर त्याने जोडलं, “पुढच्या टर्मिनलला नक्की. शब्द देतो.”

पाच जण गेले. निघायच्या दिवशी खाली गाडी लागली होती. तपासणीचं काम करणारी मुलगी, जी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तिने वर येऊन विचारलं, “मॅडम, तुमच्यासाठी काही आणू?” मी नको म्हटलं. खिडकीतून गाडी वळताना दिसली. त्यांनी मागच्या काचेला सामान लावलं होतं, त्यामुळे आत कोण कुठे बसलं आहे ते कळत नव्हतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी रिकाम्या गेटवर तपासणी केली. मुलगी केबिनमध्ये बसून बटण दाबायची, नेटवर्कचं काम बघणारा नकाशा हातात घेऊन लेनमध्ये उभा राहायचा आणि दांडा उठला की ओरडायचा. सगळे दांडे उठले. त्यांनी ग्रुपवर तसं कळवलं आणि खाली माशाच्या ताटाचा फोटो टाकला. मी दोन्हीला अंगठा दिला.

सॉफ्टवेअर रविवारी सुरू व्हायचं होतं, कारण रविवारी गाड्या कमी असतात. मी विहारात न जाता कर्वेनगरला आले. वॉचमन खुर्ची उन्हात ओढून बसला होता.

“आज सुट्टी ना, मॅडम?”

“इतरांना.”

“मग लिफ्ट चालू करावी लागेल. एकासाठी.”

“मी जिन्याने जाते.”

“नको, नको, चालू करतो,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. मी जिन्याने गेले.

दवाखाना बंद होता. आमच्या मजल्यावर सगळ्या खुर्च्या टेबलांखाली सरकवलेल्या होत्या. मी माझा संगणक सुरू केला आणि फोन बाजूला ठेवला. आत येणाऱ्या लेन सुरू झाल्या. पहिला ट्रेलर आत आला, मग दुसरा. पडद्यावर ते गेटमधून निघून यार्डमधल्या आपापल्या जागी जाताना दिसत होते. फोनवर मागे टाळ्या ऐकू आल्या. नारळ फोडल्याचा आवाजही आला. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, मिस करतोय तुम्हाला,” आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने बाहेर जाणाऱ्या लेन उघडल्या. पडद्यावर तेव्हाही सगळं हिरवं होतं. मग फोन आला. मॅनेजरच्या मागे बरेच हॉर्न वाजत होते.

“मॅडम, तुमच्याकडे काय दिसतंय?”

“सगळं हिरवं आहे.”

“इथं नाही. क्लार्कने पहिल्या लेनचं बटण दाबलं आणि दांडा भलत्याच लेनचा उठला. शेवटच्या. तिथं एक गाडी कागद व्हायची वाट बघत थांबली होती. ड्रायव्हरने दांडा वर गेलेला पाहिला आणि निघाला. सिक्युरिटीने पुढच्या वळणावर पकडलाय त्याला. आता तो म्हणतोय, दांडा तुम्हीच उचललात ना.”

“त्याचं बरोबर आहे.”

“मॅडम.”

“दुसऱ्या लेनचं दाबलं तर कुठला उठतो?”

त्याने विचारून सांगितलं. “तिसरा. वायरी अदलाबदल झाल्यात बहुतेक. इलेक्ट्रिशियनला शोधतोय, पण तो रविवारचा घरी गेलाय.”

“परवाच्या तपासणीत तर बरोबर उठत होते.”

“तेच तर.”

मी दोन्ही याद्या पुन्हा शेजारी शेजारी उघडल्या. लेआउटमधली नावं आणि गेटमधली नावं. एकमेकांशी तंतोतंत जुळत होती. पेपरच्या टेबलावर असताना एक गोष्ट शिकवली जायची: दोन वृत्तपत्रांत सारखीच बातमी आली म्हणजे दोन साक्षीदार झाले असं नाही, दोघांनी ती वृत्तसंस्थेच्या एकाच तारेवरून उचललेली असू शकते. इथे दोन्ही याद्या एकाच नकाशावरून उचललेल्या होत्या. तपासणी करणारेही तोच नकाशा हातात घेऊन लेनमध्ये उभे राहिले होते. गेटवर रोज काम करणाऱ्या कोणीही आजच्या आधी एकही बटण दाबलेलं नव्हतं.

मी म्हटलं, “सुपरवायझरकडे फोन द्या.”

तो आला. श्वास लागला होता. “ताई, तुमचं सॉफ्टवेअर उलट्या पायाचं आहे.”

“तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“कुठे म्हणजे? गेटवर. लग्नाला नाही आलेलो.”

“बाहेर जाणाऱ्या लेनवर?”

“हो.”

“तोंड कुठे आहे तुमचं?”

“तोंड जाग्यावर आहे.”

“समुद्राकडे की रस्त्याकडे?”

“रस्त्याकडे. गाड्या बाहेर जायच्यात, ताई. मी काय समुद्राला हात दाखवू?”

“पहिली लेन तुमच्या कुठल्या हाताला?”

“डाव्या. सांगितलं होतं मी.”

“आणि आत येणाऱ्या लेन मोजता तेव्हा?”

“तेव्हाही डाव्या. पण तेव्हा तोंड आत असतं ना. गाडी जिकडे जाते तिकडे तोंड.” मग त्याने विचारलं, “का हो? तुम्ही कसे मोजता?”

नकाशात समुद्र वर होता. आत येणारी गाडी नकाशात खालून वर जाते. तिची डावी बाजू आणि कागदाची डावी बाजू एकच. म्हणून सकाळपासून आतल्या लेन बरोबर चालल्या होत्या. बाहेर जाणारी गाडी वरून खाली येते. तिची डावी बाजू ही कागदाची उजवी. आम्ही पुण्यात आठही लेन एकाच जागी बसून मोजल्या होत्या. तो चार मोजून मागे वळत होता आणि मग पुढच्या चार मोजत होता. दोघांनीही डावीकडून म्हटलं होतं.

मी मॅनेजरला सांगितलं की वायरींना हात लावू नका. बाहेरच्या चारही लेन बंद करा, मी नावं उलट्या क्रमाने लावते. आधी लेआउटमध्ये, मग गेटमध्ये, मग दोन्ही एकदम लागू करते. मधल्या वेळात एकही दांडा उठता कामा नये. त्याने विचारलं, “नक्की ना?” मी म्हटलं, “सुपरवायझरला तिथेच उभं राहू दे. रस्त्याकडे तोंड करून.”

काम फार नव्हतं. एकची चार, दोनची तीन. लागू करताना पडद्यावरचे ठिपके क्षणभर लाल झाले आणि परत हिरवे झाले. आधीच्या हिरव्यात आणि या हिरव्यात काही फरक दिसत नव्हता.

“दाबा,” मी म्हटलं.

फोनवर हॉर्न चालूच होते. मग सुपरवायझरचा आवाज आला. “उठला. माझ्या डाव्या हाताचाच उठला.” मग तो फोनपासून लांब कुणावर तरी ओरडला, “चल रे, काढ गाडी, कागद झालेत तुझे, फोटो काय काढतोस.” दुसरा दांडाही बरोबर उठला. मागे परत टाळ्या झाल्या. कोणीतरी म्हणालं की पेढे त्या केबिनमध्ये राहिलेत. फोन कोणाच्या तरी खिशात गेला असावा, कारण नंतर नुसती चालण्याची घासघास ऐकू येत होती, आणि हसणं, आणि सुपरवायझर काहीतरी सांगत होता ज्याचे शब्द कळत नव्हते. मी बराच वेळ ऐकलं. मग तिकडून फोन बंद झाला.

मी डबा उघडला. खाली रस्त्यावर कोणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. जेवून झाल्यावर मी पडद्यासमोर बसून राहिले, कारण ते माझं काम होतं, आणि एकेक ट्रेलर यार्डमधून निघून गेटमधून बाहेर जाताना पाहिला. गेटच्या बाहेर गेला की तो चित्रातून पुसला जातो.

ते बुधवारी परत आले. सकाळी जिन्यातच आवाज ऐकू आला. तपासणीवाली मुलगी नेटवर्कवाल्याला म्हणत होती, “तू गप रे, तुझ्यामुळे झालं.” आधी ती त्याला सर म्हणायची. त्यांनी सगळ्यांसाठी काजू आणले होते. मुलीने माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं की सुपरवायझरने खास ताईंसाठी म्हणून आगळाची बाटली दिली होती, घरचं कोकम. “पण मॅडम, घाटात फुटली.”

“फुटली नाही, याने फोडली,” मागून दुसरा म्हणाला.

“मी फोडली? मांडीवर कोणी घेऊन बसलं होतं?”

“अरे, गाडीला अजून वास येतोय. ड्रायव्हर म्हणाला, आता आठवडाभर जेवताना गाडीतच बसतो.”

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी डब्याच्या वेळी ती बाटली अनेकदा फुटली. प्रत्येकाच्या सांगण्यात ती वेगळ्या वळणावर फुटत होती, आणि कोण कुठे बसलं होतं यावरून वाद होत होता. मला कोणी विचारावं असं त्यात काही नव्हतं. नंतर मी सुपरवायझरला फोन करून आगळाबद्दल आभार मानले. त्याने विचारलं, “कसं होतं?”

“चांगलं होतं,” मी म्हटलं.

“मीठ जास्त झालंय, बायको म्हणत होती.”

“नाही. बरोबर होतं.”

“मग या की एकदा. सगळे येऊन गेले, तुम्हीच राहिलात.” त्याच्या मागे गाडी आली असावी. “ठेवतो हं, ताई.” त्यानंतर त्याचा फोन येण्याचं कारण उरलं नाही. लेन नीट चालल्या होत्या.

पुढच्या टर्मिनलचा नकाशा आला तेव्हा मी न बोलावता मॅनेजरकडे गेले. काय बोलायचं ते मी बातमीसारखं आधी मनात लावून घेतलं होतं: महत्त्वाचं आधी, तपशील नंतर. मी सांगितलं की कोकणातल्या गेटवर जे झालं ते नकाशावरून कधीच कळलं नसतं. लेन तिथली माणसं कुठे उभी राहून मोजतात ते बघायला हवं. क्रमांक देण्याआधी कोणीतरी तिथे जाऊन गेटवर उभं राहायला हवं. मी जाते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. या वेळी तो हवामानाबद्दल बोलला नाही.

“अगदी बरोबर आहे, मॅडम. पण तुम्ही ते कसं शोधलंत?”

उत्तर त्यानेच दिलं.

“फोनवर. इथं बसून. आमच्यापैकी पाच जण तिथं उभे होते, मी स्वतः त्याच्या शेजारी उभा होतो, आणि आम्ही वायरी शोधत होतो.” तो मनापासून बोलत होता. “मी वर हेच सांगितलं. साइटवर एवढी माणसं नेण्यात अर्थ नाही. दोघं पुरतील. बाकी लेआउट, गेट, सगळं मॅडम पुण्यातून बघतील. प्रत्येक टर्मिनलचं. त्यांना आवडलं. तुमचं पदही बदलतंय, अजून जाहीर नाही, पण बदलतंय. आणि रोज इथं यायलाच पाहिजे असंही नाही. घरून केलंत तरी चालेल. वारज्याहून कशाला धावपळ.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. पण तेव्हा हे असं करता येतं हे माहीत नव्हतं ना आपल्याला.”

त्याच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. मी नकाशा घेतला आणि टेबलावर आले. शेजारची मुलगी हेडफोन लावून कुणाशी तरी हसत बोलत होती. तिने मला पाहून मान हलवली.

हे नवं टर्मिनल म्हणजे समुद्रापासून फार लांब, विदर्भातला डेपो होता. रेल्वेने आलेले कंटेनर तिथे उतरतात. नकाशात वर लोहमार्ग, खाली रस्ता, आणि लेनना क्रमांक नव्हते. फोन मी घरून लावला, वारज्याहून, सकाळी. स्वयंपाकघराच्या टेबलावर संगणक ठेवला होता. पलीकडच्या माणसाने फोन उचलला आणि विचारलं, “कोन बोलून राहिलं?”

वडील तिकडचे होते. नोकरीत बदली होऊन पुण्यात आले आणि बाहेर पुण्यासारखं बोलायला शिकले, पण घरात ते असंच बोलत. ते गेल्यापासून या घरात तो हेल कोणी काढलेला नव्हता. फोनवरचा माणूस पुन्हा म्हणाला, “सांगा ना जी.”

मी कोण आणि कशासाठी फोन केला ते सांगितलं. मग विचारलं, “बाहेर जाणाऱ्या लेन मोजता तेव्हा आपलं तोंड कुठे असतं?”

“आता हे काय इचारता, मॅडम?”

“महत्त्वाचं आहे.”

“रस्त्याकडं असते, अजून कुठं राहीन?”

“आत्ता तिथे उभे आहात का?”

“हाव. उभा हावो.”

“डाव्या हाताला काय आहे?”

“डाव्या हाताला? चायवाला हाये.”

“आणि उजव्या?”

“काईच नाई जी. ताराचं कुंपन, अन् त्याच्या पल्याड पऱ्हाटीचं वावर, कापसाचं.” मागे कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने थांब म्हणून सांगितलं. मग मला म्हणाला, “तुमी येऊनच पाहून घ्या ना, मॅडम. फोनवर काय समजते.”

“समजतं,” मी म्हटलं. “पहिली लेन चहावाल्याच्या बाजूची ना?”

“हाव.”

मागे बशी ठेवल्याचा आवाज आला, आणि दोन माणसं एकदम बोलत होती. चहाच्या टपरीवर आत्ता कोण कोण उभं आहे, हे मला विचारायचं होतं. लेआउटसाठी त्याची गरज नव्हती. मी नकाशावर सगळ्यात उजवीकडच्या लेनला ‘एक’ हा क्रमांक दिला आणि दुसऱ्या लेनची रुंदी विचारली.